ताई, आल्डीत जाऊन नेमकं घ्यायचं तरी काय?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, मी मूळची जळगावची, ऑक्टोबरपासून मॅग्डेबुर्गला मास्टर्स करतेय. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून, महिन्याला 992 युरो येतात, भाडं, इन्शुरन्स वगैरे गेलं की हातात फार काही राहत नाही. इंडियन शॉपला गेले की दरवेळी साठ-सत्तर युरो जातात आणि घरी येऊन पिशवी उघडावी तर फ्रोझन पराठे, मॅगी, लोणचं आणि दोन किलो आटा. आल्डी खोलीपासून पाच मिनिटांवर आहे, सगळे म्हणतात तिथे स्वस्त मिळतं, पण मी जाते आणि ब्रेड, अंडी, केळी, चिप्स घेऊन परत येते कारण बाकीचं काय आहे तेच कळत नाही. मी अंडी खाते पण मटण-चिकन-मासे नाही. आई रोज विचारते काय जेवलीस, मी खोटं सांगते. तुम्ही इतकी वर्षं जर्मनीत आहात, तुम्हाला अशा दुकानांत काय काय चांगलं सापडलं ते सांगाल का? आणि एवढं स्वस्त म्हणजे माल हलका असतो का?"

अगं बाळा, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं सांगते म्हणजे मनातली शंका जाईल. माल हलका नसतो. ही दुकानं स्वस्त असतात कारण ती चालवायची पद्धतच वेगळी आहे. आल्डीत सगळा मिळून दीड-दोन हजार प्रकारांचा माल असतो, मोठ्या सुपरमार्केटात दहा हजारांच्या वर. म्हणजे तिथे केचपचे वीस प्रकार असतील तर इथे दोन-तीन, पण तेच ढिगाने विकले जातात. खोके फाडून तसेच रॅकवर ठेवतात, माणसं कमी लागतात, आणि बहुतेक माल दुकानाच्या स्वतःच्या नावाने येतो. एसेनमध्ये अल्ब्रेख्त कुटुंबाचं छोटं किराणा दुकान होतं, युद्धानंतर दोघा भावांनी ते हातात घेतलं आणि याच हिशोबाने वाढवलं, 1961 मध्ये वाटण्या झाल्या म्हणून आज आल्डी नॉर्ड आणि आल्डी झ्यूड असे दोन आल्डी आहेत, तुमच्याकडचा नॉर्ड. दुधाच्या कुठल्याही डब्यावर एक छोटा अंडाकृती शिक्का असतो बघ, त्यात आधी DE हे जर्मनीचं चिन्ह, मग राज्याची अक्षरं, मग एक नंबर, तो नंबर डेअरीचा. महागड्या ब्रँडच्या दह्यावरचा आणि आल्डीच्या दह्यावरचा शिक्का एकदा शेजारी ठेवून बघ, कितीदा तरी एकच डेअरी निघते. शिवाय इथे श्टिफ्टुंग वारेनटेस्ट म्हणून 1964 पासूनची संस्था आहे, ती दुकानांतल्या वस्तूंच्या चाचण्या करून मार्क देते, आणि त्यात डिस्काउंटरचा, म्हणजे आल्डीसारख्या स्वस्त दुकानांचा, स्वतःच्या नावाचा माल बऱ्याचदा ब्रँडच्या बरोबरीला किंवा पुढेही असतो. तेव्हा निर्धास्तपणे घे.

आता मुख्य मुद्दा. तू तिथे जाऊन भारतीय जेवण शोधतेस, ते नाहीये, म्हणून चिप्स घेऊन येतेस. तिथे जेवण शोधू नकोस, कच्चा माल शोध. डाळ, रवा, पीठ, लोणी, ताक, चक्का, नवलकोल, लाल भोपळा, पातीचा कांदा, ओलं नाही तरी सुकं खोबरं, हे सगळं तिथे आहे, फक्त आपण ज्या जागी शोधतो तिथे नाही. इंडियन शॉप लागेलच, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आणि तेही मोजक्या सात-आठ गोष्टींसाठी.

दुधाच्या फ्रिजपासून सुरुवात कर कारण माझ्या मते अख्ख्या दुकानातली सगळ्यात मौल्यवान जागा तीच आहे.

मागरक्वार्क म्हणून अर्धा किलोचा डबा मिळतो, एक-दीड युरोच्या आसपास. हा आपला चक्काच समज, फक्त फॅट जवळजवळ काढलेली आणि आंबटपणा जरा कमी. शंभर ग्रॅममध्ये बारा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे मटण-चिकन न खाणाऱ्या मुलीसाठी एवढ्या पैशात याहून चांगलं काही नाही. सकाळी त्यात थोडं दूध, केळं, चमचाभर मध घालून खा. दुपारी किसलेली काकडी, दाण्याचं कूट, मीठ, वरून जिऱ्याची फोडणी घातलीस तर घट्ट कोशिंबीर होते. आणि श्रीखंडासाठी एक डबा मागरक्वार्क आणि एक डबा तो चाळीस टक्के लिहिलेला क्वार्क घे. ते चाळीस टक्के बघून दचकू नकोस, पाणी वगळून जो कोरडा भाग राहतो त्याच्या चाळीस टक्के असं ते मोजतात, प्रत्यक्षात शंभर ग्रॅमला अकरा ग्रॅमच्या आसपासच फॅट असते. दोन्ही एकत्र करून स्वच्छ पंचात बांध, चाळणीत ठेव, चाळणी पातेल्यावर ठेव आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू दे, सकाळी खाली वाटीभर पाणी साठलेलं दिसेल. मग पिठीसाखर, वेलची, असेल तर केशर. नुसत्या मागरक्वार्कचं केलंस तर खडूसारखं कोरडं लागतं म्हणून दोन्ही मिसळायचे. आंबटपणा हवा असेल तर दोन चमचे दही घाल.

शाकाहाराचं इथेच सांगून टाकते. क्वार्क करताना थोडं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं आणि बऱ्याचदा वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य, वापरतात आणि ते डब्यावर लिहायची सक्ती नसते, म्हणून तुला ते चालणार नसेल तर पिवळ्या गोलात हिरवा व्ही असलेलं चिन्ह बघून घे. चीजचंही तसंच, आणि पार्मेझान तर कायम वासराच्या रेनेटचंच असतं. काही दह्यांत, पुडिंगांत आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते मात्र लिहिलेलं असतं. डब्यातल्या तयार डाळीच्या आणि बीन्सच्या सूपमध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, 'श्पेक' दिसलं की डबा परत ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुटरश्माल्त्स म्हणजे तूप, पण नुसतं 'श्माल्त्स' किंवा 'श्वाइनश्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी, डबे साधारण सारखेच दिसतात आणि काही दुकानांत शेजारी शेजारी असतात. तिथे घाई करू नकोस.

आता तूप निघालंच आहे तर. बुटरश्माल्त्स चांगलं असतं, शिऱ्याला, पोळीला चालतं, पण त्याला कढवलेल्या तुपाचा वास नसतो. मी काय करते सांगते. लोण्याच्या वड्यांत दोन-तीन प्रकार असतात, त्यातली झावररामबुटर लिहिलेली वडी शोध. ती आधी विरजलेल्या सायीपासून काढलेली असते, आपल्याकडे साय विरजून घुसळून काढतात तशीच. बटर ऑफरला आलं की अशा अडीचशे ग्रॅमच्या दोन वड्या आण, जाड बुडाच्या पातेल्यात टाक, गॅस नसेल तर हॉटप्लेट मध्यमच्या खाली ठेव आणि तिथून हलू नकोस. आधी ते वितळून पिवळं होतं, मग वर पांढरा फेस येतो आणि पाण्याचा चर्र-चर्र आवाज सुरू होतो, तो आवाज बराच वेळ चालतो, मग हळूहळू बारीक होत जातो, आणि फेस बाजूला केला की खाली तळ दिसायला लागतो. बेरी आधी फिकट, मग बदामी. बदामी झाली आणि वास सुटला की लगेच खाली उतरव, कारण पातेलं तापलेलं असतं, बंद केल्यावरही बेरी काळी पडत जाते. अर्धा किलो लोण्याचं साधारण चारशे ग्रॅम तूप निघतं. गाळून काचेच्या बरणीत भर. बेरी टाकू नकोस, साखर घालून खा नाहीतर थालीपिठाच्या पिठात मळ. अख्ख्या डब्ल्यूजीत, म्हणजे तुमच्या शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये, वास सुटेल आणि तुझ्या फ्लॅटमेट विचारायला येतील काय चाललंय, तर त्यांनाही गरम टोस्टवर लावून दे. आणि आईला सांग, पार्सलमध्ये तूप, पेढे, खवा काही पाठवू नकोस म्हणून, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ असे पाठवायला बंदी आहे, कस्टममध्ये जप्त होतं आणि जीव हळहळतो.

ताकासाठी बुटरमिल्श. त्यातही 'राइने बुटरमिल्श' असेल तर त्यात वरून पाणी किंवा दूध पावडर घातलेली नसते. मठ्ठा, कढी, ताकातला पालक, सगळं होतं. फ्रोझन पालकाची मोठी पिशवी फ्रीझरमध्ये असतेच, मात्र 'ब्लाटश्पिनाट' घे, 'रामश्पिनाट' नको, त्यात आधीच क्रीम आणि मसाला घातलेला असतो.

डाळी. लाल मसूर डाळ बहुतेक सगळ्या डिस्काउंटरमध्ये असते, पाव किंवा अर्ध्या किलोच्या पाकिटात, वीस मिनिटांत शिजते, कुकरही लागत नाही. छोले डब्यातले शिजवलेले आणि सुके दोन्ही. राजमा डब्यातला. काही ठिकाणी सोललेल्या पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते, इथले लोक तिचं घट्ट सूप करतात, मसुरीत निम्मी मिसळून आमटी केलीस की बऱ्यापैकी तुरीच्या जवळ जाते. तुरीची डाळ मात्र इंडियन शॉपमधूनच आणावी लागेल, वरणभात वरणभातासारखा लागायचा तर दुसरा इलाज नाही.

पीठ हा विषय जरा नीट समजून घे कारण इथेच मुलं वैतागतात. पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. पीठ जाळलं की जी राख उरते ती शंभर ग्रॅमला किती मिलिग्रॅम, तो हा आकडा, म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढा गव्हाचा कोंड्याकडचा भाग जास्त. 405 म्हणजे आपला मैदाच जवळजवळ. फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं, त्याला आकडा नसतो, पण त्यातला कोंडा मोठा मोठा असतो, नुसत्या त्याच्या पोळ्या केल्या तर कडेला फाटतात आणि थंड झाल्या की वातड. 1050 मिळालं तर एकदम उत्तम, एकट्यानेच पोळी चांगली होते. नाही मिळालं तर निम्मं फोलकोर्न, निम्मं 550, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि मळून निदान अर्धा-पाऊण तास झाकून ठेव, तो कोंडा भिजला पाहिजे. डिंकेल म्हणजे गव्हाचाच एक जुना प्रकार, त्याचं 630 पण मऊ पोळी देतं, ते जरा महाग. आणि रॉगन म्हणजे राय, त्याची पोळी होत नाही, हाताला चिकटतं नुसतं, पण थालीपिठात बेसनाबरोबर फार खमंग लागतं, भाजणी संपली की मी तेच करते. एक किलो साधं पीठ एक युरोच्या आतबाहेर मिळतं, इंडियन शॉपच्या आट्याशी हिशोब करून बघ.

रवा दोन प्रकारचा. वाइषवाइत्सनग्रीस बारीक असतो, शिऱ्याला छान, पण उपम्याचा गोळा होतो. उपम्याला हार्टवाइत्सनग्रीस, तो पिवळसर आणि रवाळ, आधी चांगला भाजून घे. तांदळात मिल्शराइस म्हणजे आखूड जाड दाण्याचा, मऊ खिचडी आणि तांदळाची खीर याला झकास. बासमती असतोच. पिशवीत बांधून उकळायचा तो कोखबॉयटल तांदूळ नको, त्याला ना चव ना परवडत.

भाज्यांकडे ये. कोलराबी म्हणजे नवलकोल, आणि इथे तो पाल्यासकट मिळतो. बरीच माणसं पाला तिथेच खोक्यात तोडून टाकून जातात. तू तोडू नकोस, कोवळा पाला लसूण-मिरचीत परतला की छान पालेभाजी होते. छोट्या लाल मुळ्यांच्या जुडीचंही तेच, पाला ताजा असेल तर त्याची बेसन पेरून भाजी, आणि मुळे किसून दह्यात. टोकदार कोबी मिळतो, श्पित्सकोल, तो गोल कोबीपेक्षा कोवळा आणि गोडसर. बटाट्याच्या पिशवीवर रंग बघायचा, हिरवा म्हणजे शिजून न फुटणारा, काचऱ्या आणि रस्स्याला, निळा म्हणजे पिठूळ, बटाटेवडे आणि पराठ्याला, लाल मधला. चुकीचा घेतला की वड्याचं सारण चिकट होतं. शरद ऋतूत होक्काइडो नावाचा केशरी भोपळा येतो, साल काढावी लागत नाही, त्याचे घारगे करून बघ, रंग असा येतो की काय सांगू. फ्रोझन मटार आणि फरसबी कायम घरात ठेव. कोथिंबीर समजून पार्स्ली उचलू नकोस, चपट्या पानांची असते ती अगदी फसवी दिसते, पान चुरगळून वास घे, लगेच कळेल.

आता तू जळगावची म्हणून हे खास तुझ्यासाठी. थंडीचे दिवस आहेत, तिकडे शेतात भरीत पार्ट्या सुरू होतील आणि तुला फोटो येतील. तर डिस्काउंटरमधून दोन मोठी वांगी घे, गडद जांभळी असतात, तुमच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांची चव त्यांना नाही हे मान्य, पण गर भरपूर निघतो आणि बिया कमी. पातीच्या कांद्याची जुडी वर्षभर मिळते आणि स्वस्त असते. लसूण. आणि शेंगदाणे, त्याचं गुपित सांगते. एरवी दुकानात खारे शेंगदाणे असतात, ते कामाचे नाहीत. पण आता अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, जवळ आला की सगळीकडे टरफलासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांच्या पिशव्या येतात, निकोलाउसच्या सणाला, म्हणजे सहा डिसेंबरला, मुलांना वाटायला घेतात म्हणून. त्या बिनमिठाच्या आणि भाजलेल्याच असतात. तेव्हा तीन-चार पिशव्या घेऊन ठेव, एखाद्या संध्याकाळी फोन कानाला लावून सोलत बस, कूट करून बरणीत भरलंस की पुढचे दोन महिने खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी कशाचीच अडचण नाही. डिसेंबर संपला की या शेंगा गायब होतात, म्हणून आत्ताच घे.

वांग्याला सगळीकडून सुरीने टोच, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतं. तेलाचा हात लाव, बेकिंग पेपरवर ठेव, ओव्हन 220 वर, वरच्या खणात. अर्ध्या तासाने उलट. पाऊण तासाच्या आसपास ते पार बसतं, साल सुरकुततं आणि देठाजवळ रस उकळताना दिसतो, तेव्हा शेवटची पाच मिनिटं नुसतं वरचं ग्रिल लाव म्हणजे सालीला काळे डाग पडतील आणि थोडा तरी भाजका वास येईल. खिडकी उघडून ठेव, स्मोक अलार्म वाजला की बिल्डिंग जागी होते. मग झाकून ठेवून सोल, देठाला धरून गर लाकडी चमच्याने ठेच, मिक्सर अजिबात नको. तेलात अख्खे शेंगदाणे तांबूस कर, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, मग चिरलेली पात, ती जास्त शिजवायची नाही, मग वांगं आणि मीठ. कळण्याच्या पुऱ्या इथे कुठून आणणार, पण 1050 च्या पिठात थोडं बेसन, ओवा घालून पुऱ्या केल्यास तर भरिताबरोबर छान जमतात. एवढ्यात दोन माणसांचं पोटभर होतं आणि खर्च चार-पाच युरोच्या वर जात नाही. त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल कर आणि ताट दाखव.

हिरव्या मिरच्या डिस्काउंटरमध्ये क्वचित मिळतात आणि मिळाल्या तरी तिखट नसतात. त्या टर्किश किंवा एशियन दुकानातून आण, धुऊन, कोरड्या करून, देठ काढून फ्रीझ कर. कोथिंबिरीची मोठी जुडीही तिथेच.

बेकिंगच्या शेल्फला पण एक चक्कर मारत जा. तिथे सुक्या खोबऱ्याचा कीस असतो, गरम दुधात भिजवला की ओल्या खोबऱ्याच्या कामाला येतो. बदामाची आणि हेझलनटची तयार पूड असते, हेझलनटची पूड घालून केलेले बेसनाचे लाडू मला तर काजूपेक्षा आवडतात. नारळाचं दूध डब्यात मिळतं, आईने आमसुलं दिली असतील तर सोलकढी झालीच. ब्रेडवर लावायच्या जॅमच्या रांगेत बीटरूट साखरेचा काळा पाक मिळतो, त्सुकररूबनसिरुप, हुबेहूब काकवी नाही पण गरम पोळी-तुपाबरोबर बराच जवळ जातो.

खरेदीच्या दोन-चार सवयी लाव. शेल्फवर किमतीच्या खाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो, कायद्यानेच लिहावा लागतो, नेहमी तो बघ, मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. संध्याकाळी दही, ब्रेड, पनीरसारख्या चीजवर तीस टक्के कमीचे स्टिकर लागतात. 'मिंडेस्टन्स हाल्टबार बिस' ही तारीख म्हणजे तोपर्यंत उत्तम राहील एवढंच, तारखेनंतरही दही डोळ्यांनी बघून, वास घेऊन, चाखून खाता येतं. 'त्सू फरब्राउखन बिस' असेल तर मात्र त्या तारखेनंतर खायचं नाही. लिडल म्हणून आल्डीसारखंच दुसरं दुकान आहे, तिथे थोडा डाग पडलेली, वाकडीतिकडी फळं-भाज्या एकत्र भरलेली पिशवी अगदी थोड्या पैशात मिळते, रेटरट्यूटे म्हणतात, सकाळी लवकर गेलीस तर मिळेल, मैत्रिणीबरोबर वाटून घे कारण एकटीला संपत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नकोस, प्रत्येकामागे 25 सेंट परत मिळतात, आणि 2024 पासून प्लास्टिक बाटलीतलं दूध, ताकाचे ड्रिंक यांच्यावरही मिळतात. मशीनमधून निघणारी चिठ्ठी काउंटरवर द्यायला विसरायचं नाही. काउंटरवर माल झपाट्याने सरकवतात, घाबरू नकोस, तो राग नसतो, पाकिटांवर बारकोडच सगळ्या बाजूंनी छापलेला असतो त्यामुळे हात थांबत नाही, सगळं तसंच ट्रॉलीत टाक आणि पलीकडे भिंतीच्या फळीवर निवांत पिशवीत भर.

मधल्या रांगेतल्या कपडे-भांडी-स्क्रूड्रायव्हरच्या ढिगाचा मोह टाळ, महिन्याचे पैसे तिथेच जातात. अपवाद एकच, सपाट बिडाची किंवा लोखंडी पॅनकेकची पॅन आली तर घे, तोच तुझा तवा. प्रेशर कुकर मात्र पुढच्या वेळी घरून येताना आण, इथल्याला शिट्टी नसते आणि किंमत बघून घाम फुटतो.

मग इंडियन शॉपची यादी एवढीच उरते: तूरडाळ, पोहे, साबुदाणा, मोहरी, हिंग, कढीपत्ता, गूळ, ज्वारीचं पीठ. गोडा मसाला आणि काळा मसाला आईकडून मागव, वाळवलेले मसाले पार्सलने येतात. फ्रोझन पराठे बंद कर, पैसे मुख्यतः तिथेच जात होते.

सुरुवात म्हणून या आठवड्यात एवढंच आण: मसूर डाळ, 1050 चं पीठ, दोन वड्या झावररामबुटर, एक मागरक्वार्क, ताक, हिरव्या पट्टीचे बटाटे, कांदे, लसूण, नवलकोल पाल्यासकट, फ्रोझन मटार, वांगी आणि पात. वीस-पंचवीस युरोच्या आसपास होईल, आठवडाभर दोन वेळचं निघेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणून टाक, शनिवारी फार गर्दी असते आणि रविवारी सगळं बंद. पोळ्या फुगल्या नाहीत किंवा तूप करपलं तर परत लिही, कुठलं पीठ घेतलंस आणि हॉटप्लेट किती नंबरवर होती तेही लिही म्हणजे मला नीट सांगता येईल.